दोन वडांमधून सरळ

"डोळा म्हणजे नुसता हमाल," त्रियोनो सांगायचा. "बाहेरचा माल पाठीवर घेतो आणि आत आणून टाकतो. कुठली वस्तू कुठे लावायची ते आतला मालक ठरवतो. मालक म्हणजे मेंदू! त्या मालकाला पटवता आलं, की जगात काहीही करता येतं."

जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरातल्या एका कॉलेजात तो मुलांना 'आपण पाहतो कसं' हा विषय शिकवायचा. हमालाचं वाक्य तो दर वर्षी ऐकवायचा आणि पोरं दर वर्षी हसायची. पोरं हसली की आपलं शिकवणं छान झालं, असं त्याला वाटायचं. माणूस तसा गरीब होता हो, पण आपल्याला मेंदू कळतो या एका बाबतीत त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

त्यामुळे किनांतीच्या वडिलांनी लग्नाआधी अट घातली, तेव्हा त्याला मनातल्या मनात गुदगुल्याच झाल्या.

अट अशी होती. राजवाड्यामागच्या दक्षिण चौकात दोन जुने वड आहेत. मैदानाच्या एका टोकाला डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची, गोल फिरून उभं राहायचं आणि दोन्ही वडांच्या मधून चालत पलीकडे जायचं. मन साफ असेल तो सरळ जातो, पोटात काळंबेरं असेल तो भरकटतो, असं म्हणतात. बाकीचं गाव हे संध्याकाळची गंमत म्हणून करतं. पण पाक वासितोंच्या, म्हणजे किनांतीच्या वडिलांच्या घरात ही गंमत नव्हती. त्यांच्याकडे जावई आधी वडांमधून चालवून बघायचे आणि मगच साखरपुड्याचं बोलायचे. थोरला जावई हार्सोयो पहिल्याच फटक्यात मधोमध गेला होता. त्याला बरीच वर्षं झाली होती, पण अजून तो चालण्याचा विषय निघाला की ताठ बसायचा. आणि विषय तोच काढायचा.

"साफ मनाचा काय संबंध?" त्रियोनो किनांतीला म्हणाला. "डोळे झाकले की मेंदूला सरळ म्हणजे काय तेच आठवत नाही. हळूहळू वळत जातो माणूस. साधी गोष्ट आहे."

"मग साध्या गोष्टीला साधं चाल की," किनांती म्हणाली. ती बाटिकचं कापड काढायची. गरम मेणाची नळी हातात धरून कापडावर रेघ ओढताना तिचा हात कधी हलायचा नाही, आणि बोलतानाही तिची जीभ तशीच चालायची.

पण त्रियोनो कसला साधं चालतोय! एका सकाळी कोणाला न सांगता तो चौकात जाऊन आला. स्वतःच स्वतःला रुमाल बांधला आणि चालला. पहिल्यांदा फळवाल्याच्या गाडीवर जाऊन आदळला. दुसऱ्यांदा शाळेची कवायत चालली होती तिच्यात घुसला आणि मास्तरांच्या शिट्टीवर रुमाल काढला. तिसऱ्यांदा गटारात एक पाय गेला. तिन्ही वेळा तो डावीकडे गेला होता. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. त्रियोनोला आनंद झाला. चूक जर दर वेळी डावीकडेच होते, तर ती चूक राहिलीच कुठे? तो हिशेब झाला, आणि हिशेब जुळवता येतो!

जुळवायची वस्तू कॉलेजच्या कपाटातच होती. तिरप्या, जाडजूड काचांचा एक चष्मा. तो घातला की सगळं जग कोणीतरी उचलून थोडं डावीकडे सरकवल्यासारखं दिसतं. कपाला हात घालावा तर हात कपाच्या डावीकडे हवेत. पण तसंच काम करत राहिलं की मेंदू शहाणा होतो आणि दिसतं त्याच्या जरा उजवीकडे हात टाकायला लागतो. खरी मजा पुढे आहे. चष्मा काढला तरी ही सवय लगेच जात नाही. माणूस बराच वेळ सगळीकडे उजवीकडे झुकत राहतो. आपली डावीकडची खोड आणि चष्म्याची उजवीकडची सवय, दोन्ही मिळून झालं बरोबर सरळ! पथ्य एकच होतं. पट्टी बांधेपर्यंत चष्मा काढायचा नाही. उघड्या डोळ्यांनी जरा वावरलं की मेंदू मूळपदावर येतो आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात.

सणाची सुट्टी लागून आली होती. त्रियोनोने भाड्याच्या खोलीचं दार लावून घेतलं, चष्मा चढवला आणि मालकाला पटवायला बसला. पहिल्या दिवशी चहा टेबलाने प्यायला. दुसऱ्या दिवसापासून कप हातात यायला लागला. मग तो भिंतीवरच्या खुणेला बोट लावायचा, कागदाचे बोळे बादलीत टाकायचा, खोलीत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालायचा, जेवायचासुद्धा चष्म्यासकट. शेवटी शेवटी तर बोळा न चुकता बादलीत पडायला लागला. आरशात बघून तो स्वतःशीच हसला. पाक वासितोंची परीक्षा संपल्यातच जमा होती.

आता एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, ती तुम्हाला सांगून ठेवतो. त्रियोनो जन्माचा डावखुरा. लहानपणी आईने चापट्या मारमारून चारचौघांत उजवा हात वापरायला शिकवलं होतं, कारण डाव्या हाताने काही दिलं, घेतलं किंवा खाल्लं तर जावात समोरच्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. पण बंद खोलीत कोण बघतंय? डावा हात इतक्या वर्षांनी मोकळा सुटला आणि बोळे, कप, चमचा, सगळं त्यानेच उरकलं. उजवा हात सुट्टीभर मांडीवर आराम करत पडला होता.

ठरलेल्या दिवशी दुपारी जेवण आणि संध्याकाळी चौक, असा बेत होता. त्रियोनो इस्त्रीचा बाटिक शर्ट आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा घालून किनांतीच्या दारात उभा राहिला. पाक वासितो ओसरीवर होते. त्यांच्या बाजूला दोरीला त्यांच्या लाडक्या पारव्याचा पिंजरा टांगलेला. त्या पक्ष्याचं घुमणं ऐकायला लोक लांबून यायचे आणि पाक वासितो पोरींपेक्षा त्याची तब्येत जास्त सांभाळतात, असं त्यांची बायको म्हणायची. त्यांनी उजवा हात पुढे केला. वडीलधाऱ्यांचा हात आपल्या उजव्या हातात घ्यायचा आणि वाकून कपाळाला लावायचा, ही इथली रीत. त्रियोनोने अदबीने उजवा हात पुढे टाकला, पटकन वाकला आणि पिंजऱ्याचं बूड कपाळाला लावलं.

पारवा घुमायचा थांबला.

त्या क्षणी त्रियोनोला आपला घोळ कळला. एका हाताने शिकलेलं दुसऱ्या हाताला येत नाही! हे त्यानेच वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत विचारलंही होतं, आणि ज्यांना आलं नाही त्यांचे गुण त्यानेच कापले होते.

पाक वासितो मात्र खूश दिसले. "पक्ष्याला आधी नमस्कार करणारा पहिलाच बघतोय," ते म्हणाले. "या, आत या."

आत गेल्यावर किनांतीची आई, बू लास्त्री, चष्म्याकडे बघतच राहिली. डोळ्यांना काय झालं म्हणून विचारलं. खरं सांगावं तर साफ मनाच्या परीक्षेची चोरून तयारी केली हे सांगावं लागणार. त्रियोनोच्या तोंडून निघून गेलं, की डोळ्यांना जरासा त्रास आहे, आज चष्मा अजिबात काढायचा नाही. बू लास्त्री 'अगं बाई' म्हणाली आणि गप्प झाली. ती गप्प झाली, हेच वाईट लक्षण होतं.

चटईवर पानं मांडली गेली. फणसाचा गोडसर गुदेग, नारळाच्या रसातली कोंबडी, अंडी, तिखट सांबाल चटणी, कुरकुरीत क्रुपुक पापडांचा डबा. त्रियोनोच्या डाव्या हाताला हार्सोयो बसला होता. पहिला घास घ्यायच्या आधीच त्याने आपलं वडांमधून चालणं काढलं. चालताना त्याला म्हणे छातीत एक उजेड जाणवला होता.

त्रियोनोने उजव्या हाताने घास घेतला. तो हार्सोयोच्या पानातला होता. आता उजवा हात नवशिका आणि डावीकडे हार्सोयोचं पान! दुसरा घासही तिथलाच. त्याने ठरवून, नेम धरून आपलं अंडं उचललं, तर हार्सोयोचं अंडं गेलं. हार्सोयो उजेडाबद्दल बोलायचा थांबला आणि आपल्या पानाभोवती हाताची भिंत करून बसला. मग त्रियोनोने क्रुपुकला हात घातला आणि चार बोटं सांबालमध्ये बुडवली. ती धुवायला हातधुणीच्या वाटीकडे वळला, तर त्याने ती पाक वासितोंच्या गरम चहात धुतली.

डावा हात त्याच्या मांडीवर नुसता वळवळत होता. त्या हाताला सगळं येत होतं. पण सासऱ्यासमोर डाव्या हाताने जेवायचं? त्यापेक्षा उपाशी उठलेलं बरं.

"पाहुण्यांना वाढ गं नीट," पाक वासितो चहाकडे बघत शांतपणे म्हणाले. "त्यांचा हात पोचत नाहीये."

बू लास्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सांबालचा वास लागला असेल असं त्रियोनोला वाटलं. पण ती पदराला डोळे पुसत आत गेली, आणि आतून तिचं कुजबुजणं सगळ्या घराला ऐकू आलं. पोराची नजर गेलीय, म्हणत होती ती. इतका चांगला मुलगा, आणि नशीब बघा. आपल्याला सांगायचं धाडस होत नाहीये बिचाऱ्याला. ताटातलं दिसत नाही, उद्या पोरंबाळं कशी दिसणार?

जेवण संपेपर्यंत त्रियोनोचा उजवा हात बराच सुधारला होता, कारण मेंदू शेवटी मेंदूच. शेवटचे घास त्याने स्वतःच्या पानातले खाल्ले. पण उशीर झाला होता. बू लास्त्री विड्याची पानं उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेऊन आली. तिच्या आजीने याने कितीतरी डोळे बरे केले होते म्हणे. चष्मा काढा, मी हलक्या हाताने धुऊन देते, ती म्हणाली.

चष्मा काढायचा? त्रियोनोने दोन्ही हातांनी चष्मा गच्च धरला. नको नको म्हणत तो चटईवरून मागे मागे सरकत थेट भिंतीला टेकला.

"बघवत नाही इतकी वाईट अवस्था आहे वाटतं," बू लास्त्री म्हणाली आणि आता मात्र ती उघडच रडायला लागली. हार्सोयोने खाकरून सांगितलं, की आपल्याला कोणाला दुखवायचं नाही, पण धाकटीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि घरच्यांनी डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा. पाक वासितो उठून पारव्याकडे गेले. लग्नाचं आता काही खरं नाही, हे त्रियोनोला चष्म्यातूनसुद्धा स्पष्ट दिसलं.

किनांतीने त्याला मागच्या अंगणात ओढून नेलं. तिथे तिचं अर्धवट कापड चौकटीवर टांगलं होतं आणि मेणाचा वास येत होता.

"खरं सांग. डोळ्यांना काय झालंय?"

त्याने सगळं सांगितलं. डावीकडची खोड, काचा, बोळे, बादली. किनांती आधी हसली. इतकी हसली, की तिने तोंडात पदर कोंबला. मग तिने पदर खाली केला.

"म्हणजे बाबांच्या परीक्षेत तू कॉपी करणार आहेस."

"कॉपी नाही गं. अभ्यास."

"अभ्यास सांगून करतात. आई तिकडे रडतेय, त्रियोनो."

शेवटी त्याने खरंखुरं होतं ते सांगितलं. "मला भीती वाटते. तीनदा गेलो, तीनदा चुकलो. मी गटारात गेलो आणि तुझ्या बाबांनी नाही म्हटलं तर? मेंदूचं मी बघून घेईन, पण तुझ्याशिवाय राहायचं कसं, ते मला कोणी शिकवलेलं नाही."

किनांतीचा राग निम्मा तिथेच विरघळला. पण उरलेला निम्मा तिने सोडला नाही. ती म्हणाली, ठरल्याप्रमाणे मी वडांच्या पलीकडे उभी राहते. तू पोचलास, की दोघांनी बाबांकडे जाऊन चष्म्याचं सगळं सांगायचं. कबूल असेल तर चल, नाहीतर आत्ताच घरी जा. त्रियोनो कबूल म्हणाला. कबूल म्हणताना त्याच्या मनात आलं, की एकदा पोचलो की ही कशाला आग्रह धरतेय! माणसाचं मन हो, कुठे साफ असायला.

मावळतीची नमाज आटोपल्यावर सगळे पायीच चौकाकडे निघाले. बू लास्त्रीने त्रियोनोचा दंड धरला होता. पुढे खड्डा आहे हं, आता दगड आहे हं, असं ती प्रत्येक पावलाला सांगत होती. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका बाईने तर त्याच्या हातात भाजलेलं कणीस ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

चौकात दिव्यांच्या माळा लावलेल्या पायडलच्या गाड्या गाणी वाजवत फिरत होत्या. दोन्ही वड अंधारात फुगून बसले होते. किनांती वळून न बघता मैदान ओलांडून पलीकडे गेली. बू लास्त्रीने लेकीच्या हातचा बाटिकचा पट्टा पर्समधून काढला.

"याला पट्टी कशाला बांधताय?" हार्सोयो म्हणाला. "कापड वाया."

बू लास्त्रीने जावयाकडे असं बघितलं, की तो चार पावलं मागे गेला. त्रियोनोने डोळे मिटून चष्मा काढला आणि खिशात टाकला. वरून पट्टी आली. पाक वासितोंनी त्याचे खांदे धरून त्याला गोल फिरवलं, वडांकडे तोंड करून उभं केलं आणि सोडलं. चालताना कोणी बोलायचं नाही असा त्यांच्या घरचा दंडक होता. सगळे गप्प झाले.

त्रियोनो चालायला लागला. काय ते चालणं! गंमत म्हणून चालणारी माणसं चाचपडत, हात पसरून जातात. हा मान ताठ, पाऊल ठाम, जसा काही पगार आणायला निघालाय. पायांखाली आधी वाळू, मग गवत. समोर एका गाडीवर गाणं वाजत होतं. थोड्या वेळाने ते डाव्या कानाशी वाजायला लागलं. गाडी हलली असेल, त्रियोनो मनात म्हणाला. आणखी थोड्या वेळाने गाणं पाठीमागून यायला लागलं. म्हणजे आपण गाडी ओलांडून पुढे आलो! नंतर गाणं उजव्या कानाला आलं, तेव्हा मात्र तो जरा चपापला. पण कानाचं काय घेऊन बसायचं? कानही शेवटी हमालच. पाय ठाम पडतायत ना? मग झालं तर.

बघणाऱ्यांना जे दिसत होतं ते असं. सुट्टीभराच्या तालमीने मेंदूची उजवीकडची सवय जरा जास्तच झाली होती. त्रियोनोने आधी उजवीकडे सुरेख वळण घेतलं. वडांच्या आसपासही तो फिरकला नाही. एका गाडीवाल्याने ब्रेक दाबला, एका जोडप्याने पाय आखडून घेतले. मग तसाच तोऱ्यात, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा, पूर्ण गोल फिरून तो निघाला होता तिथेच परत आला. बू लास्त्रीने तोंडावर हात दाबला होता. पाक वासितो जागचे हलले नाहीत. हलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्रियोनो सरळ त्यांच्याकडेच येत होता.

शेवटी अंदाजाने पुढे केलेल्या त्याच्या हातांना खांदे लागले. कोणीतरी शांतपणे समोर उभं होतं. त्रियोनोला भरून आलं. त्याने ते खांदे घट्ट धरले.

"पोचलो गं!" तो कुजबुजला. "बघ, मेंदूला पटवलं की नाही? आता ऐक. बाबांना चष्म्याचं काही सांगायचं नाही. त्यांना जन्मात कळणार नाही. आणि आईंना सांगू, की पट्टी बांधल्यावर डोळे आपोआप बरे झाले."

खांदे काही बोलले नाहीत. किनांतीचे खांदे एवढे रुंद कधी झाले, असा एक विचार त्याच्या मनात चाटून गेला.

"अजून काही सांगायचंय?" पाक वासितोंनी विचारलं.

त्रियोनोने पट्टी ओढून काढली. समोर पाक वासितो. त्यांच्या पाठीमागे नाही, तर याच्याच पाठीमागे, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन वडांच्या पलीकडे किनांती गवतात पोट धरून बसली होती. हसत होती की रडत होती, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

त्रियोनोला वाटलं, आत्ता भुईने दोन वडांसकट पोटात घ्यावं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. त्याने खिशातून चष्मा काढून पाक वासितोंच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं. पिंजरा, हार्सोयोचं अंडं, चहा, सगळं. ऐकता ऐकता बू लास्त्री पुढे आली आणि तिने त्याच्या नाकासमोर बोटं नाचवली.

"ही किती?"

"तीन, काकू."

"आणि लांबचं? तो फुगेवाला दिसतोय?"

"दिसतोय."

"डोळे चांगले आहेत हो याचे!" बू लास्त्री नवऱ्याला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून नुसता आनंद सांडत होता. पोराने दिवसभर खोटेपणा केला, वर आत्ता आपल्यालाच फसवायचा बेत सांगितला, हे तिच्या गावीही नव्हतं. नंतर तिच्या ते लक्षात आलं आणि तिने त्याच्या दंडाला एक सणसणीत चिमटा काढला, ती गोष्ट वेगळी.

पाक वासितोंनी चष्मा उलटसुलट करून बघितला. एकदा डोळ्यांना लावला, बायकोकडे बघितलं, काढला.

"हे एवढं सगळं कशासाठी?"

"किनांती हातची जाईल म्हणून घाबरलो, काका."

किनांती धापा टाकत येऊन पोचली होती. ती बापाकडे बघत उभी राहिली. हसण्याने तिचे डोळे ओले होते, पण आता ती हसत नव्हती. सगळे जवळच्या आल्याच्या गरम पेयाच्या गाडीपाशी चटईवर बसले, पण वाट्या हातात आल्या तरी कोणी तोंडाला लावेना. पाक वासितोंनी मात्र एक मोठा घोट घेतला.

"हिच्या वडिलांनी मलाही चालवलं होतं," ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. "मी गोल फिरून परत आलो आणि त्यांच्याच पायावर पाय दिला."

"अंगठ्यावर," बू लास्त्री म्हणाली. "नख गेलं होतं बाबांचं."

"त्यानंतरही बऱ्याच वेळा चाललो. अजून एकदासुद्धा मधून गेलेलो नाही." त्यांनी वाटी खाली ठेवली आणि थोडा आवाज उतरवला. "आमच्या घरात मधून गेला तो एकटा हार्सोयो. एवढी वर्षं रोज जेवताना तो छातीतला उजेड ऐकतोय मी. आज तूही सरळ गेला असतास, तर दोघांचे उजेड ऐकायला लागले असते. मला पारवा घेऊन घर सोडावं लागलं असतं."

हार्सोयोला यातलं 'मधून गेला तो एकटा हार्सोयो' एवढंच ऐकू आलं. तो आणखी ताठ बसला.

"म्हणजे?" किनांतीने विचारलं.

"म्हणजे तारीख बघा," पाक वासितो म्हणाले. "पण यापुढे माझ्या चहात हात धुवायचा नाही. आणि जे करायचं ते सांगून."

त्रियोनोच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. सासऱ्यांचे आशीर्वाद घ्यायला तो झटकन गुडघ्यांवर बसला. या वेळी डोळ्यांवर पट्टी नव्हती, चष्मा नव्हता, समोर पाक वासितोंचा हात स्वच्छ दिसत होता. त्याने नीट, रीतीप्रमाणे उजवा हात पुढे टाकला.

पण त्या हाताने दुपारी जेवताना शिकून घेतलं होतं हो! उशिरा शिकला, पण पक्का शिकला. तो दिसलं त्याच्या उजवीकडे गेला, तिथे जो हात सापडला तो त्याने भक्तिभावाने धरला आणि डोकं टेकवलं. डोक्यावर दुसरा एक हात सावकाश येऊन पडला.

"सुखी राहा," हार्सोयो म्हणाला.

लग्न थाटात झालं. दोघांचं छान चाललंय. पारवासुद्धा पुन्हा घुमायला लागलाय. फक्त अजूनही त्या घरी जेवणाची पानं मांडली, की हार्सोयो छातीतल्या उजेडापासून सुरुवात करतो आणि कॉलेजात मेंदू शिकवणाऱ्या माणसाने भर चौकात, सासऱ्यांना सोडून, आधी कोणाच्या पाया पडला तिथे आणून संपवतो. त्रियोनो मान खाली घालून जेवतो. हार्सोयोच्या पानापासून चांगला हातभर लांब.